साल्वादोरची सही

साल्वादोरइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. निम्मा जन्म आम्ही दोघांनी एकाच शाळेत शिकवलं, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतो.

त्याला हवं होतं एवढंच, की लिस्बनला जायचं आणि लेकीला, डेलिशाला, हात धरून चर्चमधल्या आल्तारपर्यंत, म्हणजे वेदीपर्यंत, न्यायचं. पासपोर्ट मागायला गेला, तर कचेरीने सांगितलं, तुम्ही भारतीयच नाही! त्याचे वडील पोर्तुगिजांच्या अमदानीत गोव्यात जन्मलेले. त्या आधारावर साल्वादोरचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवलेला होता, म्हणजे कागदोपत्री तो तिकडचा नागरिक, आणि त्याच नोंदीवर डेलिशाही तिकडची झाली, नोकरीला लागली. लेक सुटली, बाप अडकला. तिकडचा पासपोर्ट काढावा तर स्वतःच्या घरात परदेशी, इकडचा तर मिळतच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पासपोर्ट खात्याकडचं अपील फेटाळलं गेलं. हायकोर्टासाठी कणकवलीच्या वकिलाने वाट दाखवली, "नोंदणीच्या अर्जावरची सही माझी नव्हे, मुलीने परस्पर केली, एवढं लिहून द्या. सुटाल."

साल्वादोरने कागद उचलले आणि तो थेट माझ्याकडे आला. "माज्या चेडवाक, डेलिशाक, चोर म्हणता तो! माजी केस मीच लढतलंय."

"पुस्तकां वाचून वकील होतलंस?" मी भडकलो. "लगीन तोंडार इला!"

"गप रव, गुरुदासा."

हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या बेंचमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. साल्वादोर वर्गात बोलायचा तसा शुद्ध मराठीत बोलला. जन्म इथला, नोकरी इथली, निवडणुकीत मतदारांच्या बोटांना शाई लावली तीही इथेच. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो अर्ज त्याच्यापुढे धरला.

"ही सही तुमची?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. त्याने सहीवर बोट ठेवलं.

"होय साहेब. माझीच."

केस तिथेच संपली.

परतीच्या एसटीत फाईल माझ्या मांडीवर होती. अर्जावरची तारीख मी दोनदा वाचली.

"साल्वादोर, त्या वर्साच्या जुलैत तू माडावरसून पडलंस. उजवो हात प्लास्टरात. तुजी दाढी मी करी होतंय!"

"हळू बोल," तो म्हणाला. "नाय म्हटला तर ती नोंदच खोटी ठरता. मगे चेडू अडाकता."

मला त्याची चीड आली आणि रडूही आलं. "आणि लग्नात डेलिशाचो हात कोण धरतलो?"

त्याने उजवा हात खिडकीच्या गजावर ठेवला.

"एकटांच चलात माजां चेडू. चलूक मीच शिकयलंय मा."