बंधाऱ्यावरचा रंगीत पडदा

"वरचे दोन-चार बरगे काढ फक्त," अप्पा म्हणाले. "फोटो झाला की परत बसव. पाणी काय पळून जातंय?"

शिवा हातात लोखंडी आकडा घेऊन बंधाऱ्यावर उभा होता. बंधाऱ्याची राखण त्याच्याकडे होती. तो पाण्याकडे पाहत होता, अप्पांकडे पाहायचं टाळत होता.

"गावात कळलं तर मला जित्ता ठेवायची न्हाईत, अप्पा."

"कळायच्या आत होतंय रे!"

मुलांनो, तुम्ही मोठमोठी धरणं पाहिली आहेत. आमच्या कोल्हापूरकडचा बंधारा वेगळा. नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांत लाकडी फळ्या एकावर एक सरकवायच्या. अशा दोन ओळी करायच्या आणि मधल्या फटीत माती ठासायची. या फळ्या म्हणजे बरगे. मागे अडलेलं पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. त्या वेळी होळी होऊन गेली होती. गावाचा उभा ऊस आणि जनावरं त्या पाण्याच्या भरवशावर होती.

अप्पा म्हणजे माझे मालक. त्यांचा शहरात फोटो स्टुडिओ होता. बी.ए. झाल्यावर मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागले आणि हळूहळू रिटचिंग शिकले. तेव्हा निगेटिव्ह काचेची असे. तिच्यावर अगदी बारीक पेन्सिल आणि ब्रश चालवून चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवायचे, याला रिटचिंग म्हणत. बाहेरगावी कामाला जाताना कॅमेराही माझ्याकडे असे. अप्पांची नजर उतरली होती, फोकस त्यांना नीट दिसत नसे.

मुंबईच्या एका कंपनीनं कॅलेंडरसाठी देखावा मागितला होता. खळाळतं पाणी हवं, ही त्यांची अट. आमची नदी तर संथ पडलेली. मी अप्पांना म्हटलं होतं, "पावसाळ्यातली एक निगेटिव्ह आपल्याकडे आहे. दोन्ही जोडून छापते. कुणाला कळणारही नाही."

अप्पा भडकले. "चेहऱ्याचं सोड. निसर्गाच्या निगेटिव्हला ब्रश लावायचा नाही. मी खोटं विकत नाही."

आणि याच अप्पांनी पलीकडच्या काठावरची पंपाची पत्र्याची खोप फोटोत दिसू नये म्हणून तिच्यावर स्टुडिओचा पडदा बांधला होता. पाठीमागे लावायचा, तैलरंगात रंगवलेला, वरच्या कडेला बांबू ओवलेला जाड कॅनव्हास. त्यावर निळे डोंगर आणि नारळाची दोन झाडं.

"मग हे खरं का?" मी विचारलं.

"निगेटिव्हला हात लागला? नाही ना? झालं तर मग."

शिवानं बरगे उपसले. मी काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. पाण्याचा पांढरा पट्टा खालून वर चढताना मला दिसला. देखणा होता, ते नाकारत नाही. मी प्लेट सरकवली, एक्स्पोजर दिलं.

"झालं. बसवा बरगे!"

शिवानं पहिला बरगा खाचेत धरला. प्रवाहानं तो हातातून हिसकावला आणि खाली फेकला. दुसराही गेला. तेवढ्यात मधली माती धुपायला लागली. पाणी आधी पांढरं पडत होतं, आता ते तांबडं झालं. खालचा एक बरगा थरथरला, वर उचलला गेला आणि सुटला. आवाज बदलला. अप्पांचा चेहराही.

खाली नदीच्या पात्रात गावातली हौसाक्का धुणं धूत होती. ती चिंब होऊन, हातात एकच लुगडं घेऊन काठावर चढली.

"कुणाच्या बानं सोडलं पाणी? शिवा, प्यायलाईस व्हय रं?"

"फोटूसाठी, आक्का..."

"फोटूसाठी? आन् आता मेच्या म्हैन्यात म्हशीस्नी फोटू पाजू व्हय? ओ पावणं, तुमी बोला की!"

हौसाक्कानं गावाकडे तोंड करून हाक मारली. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. माणसं पळत आली. कुणी गवताच्या पेंढ्या टाकल्या, कुणी घोंगडी. सगळं त्या भगदाडातून पार निघून जात होतं. एकानं अप्पांच्या सदऱ्याला हात घातला.

"त्याला मागनं बडवा, आधी पाणी बघा!" हौसाक्का ओरडली.

मागच्या बाजूला पाणी उतरत होतं. काठावर ओल्या चिखलाची पट्टी दिसू लागली आणि ती रुंदावत होती. पंपाचा पाइप पाण्याबाहेर येऊन लोंबकळत राहिला. तिकडे पाहताना माझी नजर पडद्यावर गेली. तैलरंगाचे थरावर थर दिलेले. त्यातून पाणी जाणार नव्हतं.

"पडदा सोडा! बांबूसकट आणा!" मी ओरडले.

"अहो, तो स्टुडिओचा..." अप्पा बोलू लागले.

"अप्पा, सोडायला लावा!"

त्यांनी स्वतःच जाऊन दोऱ्या कापल्या. आम्ही पडद्याच्या खालच्या कडेला दगड बांधले. वरचा बांबू दोन खांबांना आडवा धरून पडदा साठलेल्या पाण्याच्या बाजूनं खाली सोडला. मी पदर खोचून बांबूच्या एका टोकाला होते, दुसऱ्या टोकाला हौसाक्का. पाण्यानं पडदा एकदम ओढला. आमचे हात खांद्यातून निखळतात की काय असं वाटलं. मग फाडकन आवाज झाला आणि कॅनव्हास भगदाडाला चिकटला. मागच्या पाण्याचाच दाब त्याला जागेवर दाबून धरत होता. पलीकडे पडणाऱ्या पाण्याची धार झाली, धारेचं ठिबकणं झालं.

"हाण बरगा!" शिवा ओरडला. आता बरगे खाचेत बसले. माणसांनी माती ठासली. तो पडदा पावसाळ्यापर्यंत तिथेच राहिला. काढायची कुणाची छाती झाली नाही.

पाणी पुरलं, पण जेमतेम. पंपवाल्याचा पाइप खोल पाण्यापर्यंत पोचेना. अप्पांनी शहरातून नवा तुकडा आणून स्वतः जोडून दिला. वरच्या अंगाचा ऊस मात्र वाळला. त्याची भरपाई कुणाकडेच नव्हती.

आणि फोटो? तो उत्तम आला होता. अप्पांनी तो काही दिवस डार्करूममध्ये उलटा करून ठेवला, मग पाठवला. कंपनीनं छापला. एक कॅलेंडर शिवानं गावात नेलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ते हौसाक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यात लावलेलं होतं.

"बघा बाई," ती म्हणाली, "आमचं पाणी भिंतीवर वर्सभर पडतंय. आन् ह्या नारळी! आमच्या गावात नारळी कवा लागल्या वो?"

मी हसले. ती हसली नाही. चहा मात्र तिनं दिला.

त्यानंतर अप्पांनी देखाव्यांच्या निगेटिव्ह माझ्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली. एखादी नको असलेली खोप मी ब्रशनं घालवत असे आणि प्रिंटच्या मागे तसं लिहीत असे. गिऱ्हाइकांना ते लिहिणं आवडत नसे. अप्पांनी ते एकदाही खोडलं नाही.

चित्र बदलायचंच असेल तर काचेवर बदलावं. तिथे हात चुकला तर एक काच वाया जाते.