आठवीचं अर्धं राहिलेलं गणित

मागच्या आठवड्यात आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात बीएस्सी पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. त्यातल्या एका मुलीबद्दल लिहायचंय... तिला विचारूनच लिहितेय, फक्त नाव बदललंय.

प्रतीक्षा साखरखेर्ड्याची. इथे हॉस्टेलवर राहते. बारावीला मार्क चांगले, वर्गात पहिल्या बाकावर, पण बोलणं अगदी कमी.

मी पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. सुरू करण्याआधी दरवर्षी एक टेस्ट घेते आणि त्यात कॅल्क्युलसचा एकही प्रश्न नसतो. अपूर्णांक, घातांक, कंसाबाहेरचं वजा चिन्ह, अवयव पाडणं, थोडी त्रिकोणमिती... बस. कारण मुलं कॅल्क्युलसच्या लिमिटला अडत नाहीत हो, लिमिटच्या पोटातल्या आठवी-नववीच्या बीजगणिताला अडतात.

प्रतीक्षाचा पेपर मात्र मला कळेना. अपूर्णांक चोख, चिन्हांची एक चूक नाही. आणि अवयवांचे सगळे प्रश्न कोरे. ज्याला येत नाही तो काहीतरी खरडतो तरी... हिने पेनसुद्धा टेकवलं नव्हतं.

पुढे लिमिट सुरू झालं तेव्हा मी तिला फळ्यावर बोलावलं. वर एक्सचा वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, खाली एक्स वजा दोन, एक्स दोनकडे जाताना. तिने एक्सच्या जागी दोन टाकून पाहिलं, शून्य भागिले शून्य आलं आणि ती थांबली.

"आता वरच्याचे अवयव पाड," मी म्हटलं. तिचा खडू फळ्याला टेकेना. मागून कोणीतरी म्हणालं, "आठवीचं हाय बे ते!" वर्ग हसला. तिने खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

मग ती तासाला यायचीच बंद झाली. काही दिवसांनी स्टाफरूममध्ये आली ती विषय बदलायचाय हे सांगायला. मॅथ्स नको म्हणाली.

मी तिला बसवलं. बारावीत हे सगळं कसं केलंस, विचारलं. "दिलेले ऑप्शन टाकून पाहायचो आम्ही मॅडम. क्लासमध्ये तसंच करून घेत होते." आणि आठवीत, मी विचारलं.

ती म्हणाली, "आठवीत आई शिकवत होती."

तिची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, म्हणून दुपारी घरीच लेकीला गणित शिकवायची. अवयवांचा धडा सुरू झाला होता. पहिला प्रकार झाला, बाकीचे उद्या करू म्हणाली... आणि त्या रात्री आईला ताप भरला. दुसरी लाट होती ती. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं, तिथून ती परत आली नाही. लेकीला शेवटचं पाहताही आलं नाही.

एरवी माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलणारी मुलगी ते सगळं विसरून गेली. "मंग मले कोणाकडूनच शिकावं वाटलं नाही ते. नववीत सरांनी घेतलं, तं मी खालीच पाहत बसे. दुसऱ्याकडून शिकलं की आईचं संपून जाईन, असं वाटे मले..."

मी विचारलं, "आईने जिथपर्यंत शिकवलं, तिथपर्यंत तू मला शिकवशील?"

ती उठली. स्टाफरूमच्या छोट्या फळ्यावर लिहायला लागली. "आधी सगळ्यांत सारखं काय आहे ते पाहायचं. ते बाहेर काढायचं. मग कंसात काय उरलं ते पुन्हा गुणून पाहायचं, घाई नाही करायची." अक्षर सुंदर, एकेक पायरी सुटी. ही वाक्यं तिची नव्हती, हे ऐकतानाच कळत होतं.

पहिला प्रकार संपला तशी ती फळ्याकडे तोंड करूनच रडायला लागली. मी रडू दिलं. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली. दारातच म्हणाली, "मॅडम... पुढचं सांगा."

मग रोज लेक्चर संपल्यावर आम्ही बसायचो. ती भराभर पुढे जात होती. वर्गत्रिपदी, घनाची सूत्रं, वर-खाली काटून सोपं करणं... एके दिवशी शेवटचं उदाहरण अचूक सोडवून ती माझ्याकडे वळली. "झाले का मॅडम अवयव? संपले?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली आणि फळा पुसायला घेतला. इतका सावकाश फळा पुसताना मी कोणाला पाहिलं नाही. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

निकालात ती पास झाली. पहिली वगैरे नाही, साधी पास. व्हरांड्यातून तिने वडिलांना फोन लावला. "पप्पा, मॅथ्स निघालं," एवढंच बोलली. मग फोन कानाला धरून नुसती उभी राहिली. दोघांनाही फोन ठेववत नव्हता.

स्टाफरूममध्ये आम्ही येता-जाता म्हणतो, हल्लीच्या मुलांचा पाया कच्चा आहे. असेलही. पण तो नेमका कुठल्या दिवशी, कशामुळे अर्धवट राहिला, हे विचारायला आम्हाला सवड नसते.

तिच्या आईला मी कधी पाहिलं नाही. त्या बाईंनी जेवढं शिकवलं होतं त्यात मला काहीही दुरुस्त करावं लागलं नाही. मी फक्त त्यांचा राहिलेला तास घेतला...