माळावरचंबी मोजा

"तुले कापूस वेचाले बोलावलं. अक्कल शिकवाले नाही."

गावच्या पाटलांनी माझ्या मायला हे सुनावलं, तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. बुलढाण्याहून देऊळघाटकडे जाताना आमचं गाव लागतं. बीटी कपाशीची ती सुरुवातीची वर्षं. पावसाने दगा दिला होता, आणि गावात पीक किती आलं हे ठरवायला सरकारी साहेब आले होते. एका वावरात दोऱ्या बांधून चौकोन करायचा, त्यातला कापूस वेचून तोलायचा आणि त्यावरून अंदाज काढायचा, अशी रीत. साहेबांनी चौकोन आखला तो पाटलांच्या ओलिताच्या वावरात, सडकेला लागून. तिथे बूट मळत नाहीत.

माय एवढंच म्हणाली होती, "साहेब, माळावरचंबी मोजा ना. तिथं बोंडंच नाही लागले."

साहेब हसले. पाटील काय बोलले ते वर लिहिलंच आहे. पुढे त्यांनी आमच्या जातीचं नाव घेतलं, ते मी लिहिणार नाही. माय खाली वाकून वेचत राहिली. गावाचं पीक चांगलं ठरलं आणि दुष्काळाची मदत आली नाही. माळावरची वावरं आमच्या वस्तीची होती.

मी शिकले, इंजिनिअर झाले. पुण्यात एका कंपनीत जमिनीखालच्या गॅसचा अंदाज काढायला लागले. शेल नावाचा पापुद्र्यांचा घट्ट खडक असतो, गॅस त्यात अडकलेला असतो. खडक फोडला की पहिले काही महिने गॅस जोरात येतो, मग झपाट्याने उतरतो. गॅसची एक विहीर जोरदार निघते, शेजारची अगदीच बेताची. म्हणून किती गॅस मिळेल हे सांगताना सगळ्या विहिरी धराव्या लागतात, आणि उतारही.

बैठकीत आमच्या प्रमुखांनी एकच विहीर धरली. सगळ्यात जोरदार. तिचे पहिले महिने घेतले आणि साऱ्या क्षेत्राला लावले. पडद्यावर रेष दिमाखात पुढे गेली. खाली अंदाज काढणारी म्हणून माझं नाव. मला पाटलांचं वावर दिसत होतं.

"सर, बाकीच्या विहिरी उतरल्यात. त्या धरल्याच नाहीत. मले वाटते..."

घाईत घरची बोली तोंडात आली. कुणीतरी "मले, मले" करत हसलं.

प्रमुख शांतपणे म्हणाले, "तुम्ही आकडे भरा, अर्थ आम्ही लावू. कोट्यातून इथवर आलात, तेवढं पुरे नाही का? सोमवारी सही करा."

मला संताप आला. आणि तरी मी खाली मान घालून बसून राहिले. अगदी मायसारखी.

संध्याकाळी मायला फोन केला. तिने सगळं ऐकलं.

"करून टाक सही, बाई. नोकरी गेली तं जाशीन कुठं? तवा मी गप बसली म्हून तू शिकली."

खरंच, जाणार कुठे? दुसरी कंपनी आधी याच प्रमुखांना माझ्याबद्दल विचारणार. आणि सही केली, तर त्या अंदाजावर कुणाच्या तरी जमिनी घेतल्या जाणार. गॅस आटला की सगळे माझ्या नावाकडे बोट दाखवणार.

"माय, तू गप बसली, तरी मदत कुठं आली?"

ती म्हणाली, "जेवली काय तू?"

सोमवारी मी सही केली नाही. सगळ्या विहिरी धरून अंदाज काढला. तो फारच लहान निघाला. तोच पुढे ठेवला.

तेव्हापासून माझ्याकडे काम नाही. कोपऱ्यात एक टेबल आहे. बैठकीला बोलावणं नाही, चहालाही कुणी हाक मारत नाही. मी कंटाळून राजीनामा देईन, असा त्यांचा अंदाज आहे.

तोही चुकणार. मी रोज येऊन बसणार. माझी सही पाहिजे असेल, तर आधी माळावर चला.