सोलापुरात अर्धाच दिसलेला कुंग फू

एका जुन्या कुंग फू विनोदी सिनेमासाठी करमाळ्याहून सोलापूरला जाणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात. म्हणू देत. लहानपणी मी आणि माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हा सिनेमा कॅसेट घासून जाईपर्यंत पाहिला होता. दादा आता सोलापुरात एकटाच असतो. वहिनी गेल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता, फोनवर ‘हं’ आणि ‘बघू’ यापलीकडे शब्द नाही. तिथल्या एका जुन्या थिएटरात रविवारी दुपारी तोच सिनेमा लागतोय असं कळलं आणि मी ठरवलं, ह्याला उठवायचाच.

एसटी टेंभुर्णीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेली. मोहोळच्या अलीकडे टायर बसलं. जॅक होता, पण चालत नव्हता. मागून येणाऱ्या गाडीची वाट बघत सगळे उन्हात उभे. बायकांना तिकीट अर्धं, मनस्ताप पुरा. तुम्हाला जायचं असेल तर आदल्या दिवशीच जा.

पोचले तर दादा लुंगीवर बसलेला. डोकं दुखतंय म्हणाला. मी इस्त्रीचा शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला आणि रिक्षा बोलावली.

थिएटरात पंखे फिरत होते, वारा नव्हता. पोस्टरवर हिंदी लिहिलेलं, सिनेमा सुरू झाला तेलुगूत. पुढच्या रांगेतलं तेलुगू विणकरांचं कुटुंब खूश. मला एक शब्द कळेना. तरी सांगते, हा सिनेमा बघाच. नायक कुंभाराचा आळशी पोरगा, त्याला कुंग फू शिकवणारा एक म्हातारा उस्ताद. मारामारीत त्याला मडकी फुटू द्यायची नसतात, त्यामुळे एक हात गुंडाला, दुसरा मडक्याला. ठोसा मारल्यावर स्वतःचाच हात झटकत बसतो. हल्लीच्या नायकांना काही दुखतच नाही. इथे कॅमेरा गप्प उभा राहतो आणि माणसं खरोखरीची पडतात.

मी पडद्यापेक्षा दादाकडेच जास्त बघत होते. चेहरा दगड.

आणि शेवटची मारामारी सुरू होताना चित्र थिजलं. दिवे लागले. मी तणतणत मॅनेजरकडे गेले. फाइलच एवढी आलीय, आमी काय करणार, असं त्याने शांतपणे सांगितलं. मी बरंच ऐकवलं. तो चहा पीत राहिला.

परत आले तर दादा उभा होता. पुढच्या रांगेतल्या आजींनी त्याला मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं होतं, पुढे काय होतं?

“दोन हातांत दोन मडकी, तिसरं डोक्यावर,” दादा सांगत होता. “मग मारणार कशानं? पायानं.” खुर्ची धरून त्याने पाय उचललाही. चार रांगा वळून ऐकत होत्या. “आन् शेवटी म्हातारा उस्ताद परत येतो की. दारात उभा ऱ्हातो, म्हणतो, भूक लागलीय, वाढा.”

असं काहीही त्या सिनेमात नाही. उस्ताद शेवटच्या मारामारीआधीच निघून जातो, कायमचा.

बाहेर खानावळीत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही मागवलं. दादा भाकरी मोडता मोडता म्हणाला, “तुझी वहिनी असती तर म्हणली असती, बसा खाली, लोक बघायलेत.”

वर्षभरात तिचा उल्लेख त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला. मी चटणी त्याच्याकडे सरकवली. त्याने दुसरी भाकरी घेतली.

परतीची गाडीही उशिराच सुटली, ते सांगायला नकोच. घरी येऊन मी मोबाइलवर शेवट शोधून पाहिला. उस्ताद परत येत नाही. मागे नेऊन पुन्हा पाहिलं, तरी येत नाही. पण आता तो सिनेमा आठवला की मला दारातला भुकेला म्हातारा दिसतो. इतक्या वर्षांचा चांगला पाठ असलेला शेवट दादाने बिघडवून ठेवला. याचा राग येतो. पण फोन करून त्याची चूक काही मी दाखवलेली नाही.