आखाजीचा मुऱ्हाळी आणि कपाटाची चावी

उखाकाका कुठेही बसण्याआधी उजवा हात कमरेला लावून पाहत आणि मगच टेकत. नव्या माणसाला वाटे, कंबर दुखते. कंबर दुखतच होती, पण हात त्यासाठी जात नव्हता. धोतराखाली करदोड्याला दोन चाव्या बांधलेल्या असत. एक डिंडोलीतल्या त्यांच्या खोलीची, दुसरी सरकारची.

सरकारच्या चावीचं असं झालं.

त्र्याण्णव साल. आदल्या हिवाळ्यात सुरतेत दंगलीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कर्फ्यू उठला होता, लूम पुन्हा खडखडत होते, पण माणसांच्या पिशव्या जड झाल्या होत्या. आमची कालवा खात्याची कचेरी उधन्यात, एका बंद मिलच्या मागे. स्टेशनकडे जायचं तर मिलच्या लांब भिंतीकडेने जावं लागे, आणि त्या भिंतीकडेने जो तो एक हात पिशवीत घालूनच चाले. हेडक्लार्क जशवंतभाईंच्या काठीत गुप्ती होती. टायपिस्ट लीलाबेन मूळच्या नांदेडकडच्या, पण सुरतेत बाई फार दिवस बाई राहत नाही, तिची बेन होते. त्या पावडरच्या डब्यात मिरचीची पूड आणत. ड्रायव्हर मारुतीकडे जीपच्या जॅकचा दांडा. कारकून बळीरामकडे लूमवरची, धोटा मारणारी काठी, तेल पिऊन पिऊन काळी पडलेली. मी नंदुरबारहून नवाच आलेलो. मीही एक चाकू घेतला होता. त्याने आम्ही दुपारी काकडी चिरायचो.

एके दिवशी पंख्याखाली कोणी बसायचं यावरून जशवंतभाई आणि बळीराम यांची जुंपली. जशवंतभाईंनी रागाने काठी टेबलावर आपटली, तर म्यान एकीकडे आणि गुप्ती दुसरीकडे. नेमके साहेब दारात. साहेब भावनगरकडचे, आवाज न चढवणारे. त्यांनी सगळ्यांना पिशव्या रिकाम्या करायला लावल्या. टेबल भरलं. साहेब त्या टेबलाकडे बघून म्हणाले, “आपलं खातं कालव्याचंच आहे ना?”

जप्त करावं तर दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणी आलं नसतं. म्हणून साहेबांनी तोडगा काढला. स्वसंरक्षणाच्या वस्तू सकाळी आल्या आल्या दाराजवळच्या लोखंडी कपाटात जमा करायच्या, घरी जाताना परत घ्यायच्या. मधल्या वेळात कपाट बंद. कपाटात आधी नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, त्या खिडकीत गेल्या. नवं कुलूप आलं, दोन चाव्यांचं. एक चावी शिपाई म्हणून उखाकाकांकडे. दुसरी लखोट्यात घालून, लाख लावून, ‘सुरक्षित जागी’ ठेवायची. कचेरीतली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे तेच कपाट. लखोटा त्यात ठेवला गेला. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही.

त्या दिवसापासून उखाकाकांचं बसणं संपलं. सगळ्यांच्या आधी यायचं, कारण जमा करायला माणसं उभी. सगळ्यांच्या नंतर निघायचं, कारण न्यायला माणसं उभी. मध्ये चहाला गेले तर कोणाला तरी ‘जरा लवकर’ निघायचं असे. रजा तर विचारायचीच नाही. ऐन उमेदीत त्यांनी लूमवर उभ्याने रात्रपाळ्या केल्या होत्या, शिपायाची नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा स्टूल मिळालं, आणि आता निवृत्ती दोन वर्षांवर आली तर पुन्हा उभं राहणं आलं. आणि एवढ्या हत्यारांच्या राखणदाराकडे स्वतःचं काहीच नव्हतं. सगळ्यांना त्यांच्या वस्तू देऊन, कुलूप दोनदा ओढून बघून, ते रिकाम्या हाताने त्याच भिंतीकडेने एकटे जात.

“काका, तुम्हीपण काहीतरी ठेवा की,” मी एकदा म्हटलं.

“ठेवलं तर मलाच सांभाळावं लागेल,” ते म्हणाले. “एवढ्यांचं सांभाळतोय ते पुरे.”

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा हिचा तोरा मोठा. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण त्या आपापल्या येत नाहीत. माहेरचं माणूस घ्यायला जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. उखाकाकांची एकुलती एक मुलगी योगिता त्याच हिवाळ्यात लग्न होऊन अमळनेरकडे गेली होती. ही तिची पहिली आखाजी.

“जावयाला सांगा पोचवायला,” बळीराम म्हणाला. तो विदर्भातला, त्याला हे नवीन.

“आखाजीला जावई पोचवतो का कुठं?” उखाकाका म्हणाले. “मुऱ्हाळी गेला नाही तर सासरी म्हणतात, हिचं माहेर बुजलं. एकदा म्हटलं की जन्मभर म्हणतात. तिची आई गेली, भाऊ नाही. तिचं माहेर म्हणजे मी.”

साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली, एका अटीवर. चावी कोणीतरी घ्यायची.

“जशवंतभाई, दोन दिवस ठेवता का?”

“मी? उखाभाई, मारी पोतानी गुप्ती अंदर छे, माझी स्वतःची. उद्या कोणाची वस्तू इकडची तिकडे झाली, तर म्हणतील हेडक्लार्कने खाल्ली.”

“गुप्ती कोण खाईल?”

“लोको तो कहे.”

बळीराम म्हणाला, “मला माझ्या बायकोनं घरच्या कपाटाची दिली नाही अजून. सरकारची कुठून घेऊ?”

लीलाबेन म्हणाल्या, “मी घेतली असती काका, पण तुमच्यासारखा करदोडा नाही माझ्याकडे.” सगळे हसले, तेवढ्यात काका पुढच्या टेबलाशी पोचले. माझं टेबल आलं तेव्हा मी रोजंदारीवर असल्याने नियमात बसत नव्हतो, आणि नियमात न बसण्याचा तो एकच दिवस मला गोड वाटला. शेवटी मारुती कंटाळून म्हणाला, “द्या इकडं. पाय मोडतील तुमचे फिरून.”

निघायचा दिवस. काकांनी सकाळी सगळं जमा करून घेतलं, कपाट लावलं. दुपारची भुसावळ पॅसेंजर पकडायची होती. चावी द्यायला बाहेर आले तर जीप सुरू, साहेब आत बसलेले, मारुतीचा हात हॉर्नवर. काकांनी घाईघाईने धोतरात हात घालून करदोड्याची गाठ सोडली, चावी खिडकीतून मारुतीच्या हातात टाकली आणि पिशवी काखेत मारून स्टेशनकडे निघाले. मी दारातून पाहत होतो. इतकं भरभर चालताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीने चावी कुलपात घातली. फिरेना. तेल सोडलं, फुंकर मारली, शिव्या दिल्या. लीलाबेनने चावी हातात घेऊन पाहिली.

“मारुतीभाऊ, ही तर घराची आहे. काकांच्या खोलीची.”

कपाटासमोर सगळी कचेरी उभी. कोणीतरी कुलूप तोडू म्हणालं तर साहेबांनी हात वर केला. सरकारी कुलूप तोडायचं तर पंचनामा, पंचनाम्याला पोलीस, आणि पोलीस आले की कपाटात काय आहे ते बघणार.

“पण दुसरी चावी आहे ना?” साहेबांना आठवलं.

सगळे नुसते कपाटाकडे बघत राहिले, आणि हळूहळू साहेबही कपाटाकडे बघू लागले.

मग घरी कसं जायचं? एकट्याने भिंतीकडेने जायला कोणी तयार नव्हतं, आणि तसं म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. जशवंतभाई म्हणाले, “चालो, मलाही स्टेशनवर काम आहे.” बळीरामलाही स्टेशनवर काम निघालं. मलाही निघालं. मधोमध लीलाबेन, पुढे जशवंतभाई बिनकाठीचे, मागे मारुती. असा तो थवा दोन्ही संध्याकाळी भिंतीकडेने चालला. दुसऱ्या दिवशी बळीरामने पंख्याची जागा जशवंतभाईंना देऊन टाकली, म्हणाला वाऱ्याने मान आखडते.

तिकडे पॅसेंजरमध्ये काकांना जागा मिळाली. बसण्याआधी हात सवयीने कमरेला गेला. करदोड्याला एक चावी होती, तशी असायलाच हवी होती, म्हणून ते निवांत बसले. नवापूर येईस्तोवर डुलकी झाली. नवापूरला पाणी प्यायला नळाशी वाकले तेव्हा चावी बोटांना लागली, आणि बोटांनी ओळखली. खोलीची चावी चपटी, ही गोल.

काका नंतर मला सांगत होते, “पिशवी घेऊन मी उतरलेलोच होतो. समोर सुरतेकडची गाडी लागलेली. म्हटलं, परत जावं. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि नोकरी जायची. एक पाय तिकडं टाकलाही. मग वाटलं, तिकडं पोर दारात उभी राहील. सासू विचारेल, आला का गं तुझा बाप? आणि कपाट काय, ते उभंच आहे. त्याला सासू नाही.”

शिट्टी झाली. काका आपल्याच डब्यात परत चढले. मात्र पुढे अमळनेरपर्यंत त्यांना डुलकी लागली नाही.

आखाजीच्या आदल्या दुपारी ते उधन्याला उतरले ते सरळ कचेरीत. घरी जाऊन उपयोग नव्हता, घराची चावी मारुतीकडे. मागे योगिता, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा, पत्र्याची ट्रंक. काकांचा चेहरा असा, जणू पंचनामा त्यांचाच आहे.

साहेबांनी विचारलं, “वाटेत कळलं, तर परत का नाही आलात?”

“साहेब, आखाजीला मुऱ्हाळी लागतो.”

साहेबांना कळलं नाही. लीलाबेनने गुजरातीत समजावलं. साहेबांनी दारातल्या मुलीकडे पाहिलं, तिच्या ट्रंकेकडे पाहिलं, आणि म्हणाले, चूक ती चूक. उखाभाईंकडून चावी काढून घेण्यात येईल. कोण घेतं?

एकदम सगळ्यांना काम आठवलं. लीलाबेनचं मशीन टकटकू लागलं, जशवंतभाई फायलीत शिरले. काकांच्या तोंडावर क्षणभर जे उजळलं होतं ते विझलं. चावी होती तिथेच राहिली.

मारुती जीप घेऊन चलथाणला गेला होता, घराची चावी त्याच्या खिशात. बापलेक कपाटाशेजारी थांबले. काका स्टुलावर बसले, पाठ कपाटाला टेकली आणि बसल्या बसल्या झोपले. कचेरी सुटायची वेळ झाली तरी उठेनात.

“उठवू नका,” योगिता हळूच म्हणाली. “आबा थकी गयात.”

तिने बापाच्या कमरेची चावी सोडवली, कपाट उघडलं आणि आत पाहून जरा थबकली. मग एकेक वस्तू काढून विचारू लागली, “हे तुमचं का?”

नव्या चुड्याच्या हातातून जॅकचा दांडा घेणं वेगळं आणि शिपायाकडून घेणं वेगळं. मारुती तेवढ्यात आलाच होता. त्याने तिला घराची चावी दिली आणि दांडा पाठीमागे लपवला. बळीरामने काठी घेताना घसा खाकरला. मी चाकू घेतला आणि काकडीचं सांगू लागलो, तिने ऐकून घेतलं. लीलाबेनने डबा घेतला. “पावडर?” योगिताने विचारलं. “हो गं, पावडरच,” लीलाबेन म्हणाल्या. जशवंतभाईंपुढे काठी आली तेव्हा ते अर्धवट हात पुढे करून थांबले. “रहेवा दे बेटा,” म्हणाले. “आज काही गरज नाही.” आणि गेले. आपापली वस्तू मिळाल्यामुळे त्या दिवशी कोणाला स्टेशनवर काम निघालं नाही. जो तो आपल्या पिशवीत हात घालून एकेकटा गेला.

काका दचकून उठले. “समदं गेलं?”

“एक उरनं,” योगिता म्हणाली.

काका गुप्तीकडे बघत राहिले. आखाजीची सुटी, त्याला लागून रविवार, आणि कपाटात हेडक्लार्कची गुप्ती. त्यांनी कपाट लावलं, कुलूप दोनदा ओढलं, चावी करदोड्याला बांधली. मग ट्रंकेची एक कडी बापाने धरली, एक मुलीने, आणि दोघं भिंतीकडेने निघाले.

आखाजीला मला त्यांच्याकडे जेवायचं बोलावणं होतं. शेजारच्या उषाबाईंनी खापरावर मांडे केले होते. चाळीमागच्या निंबाला झोका बांधला होता. योगिता त्यावर उभी राहून चाळीतल्या पोरींबरोबर गाणं म्हणत होती, आणि झोका इतका उंच जात होता की बायका खालून ओरडत होत्या. काका निंबाच्या बुंध्याशी टेकून बसले होते. मला वाटलं, लेकीकडे बघतायत. जवळ गेलो तर झोपले होते. उजवा हात कमरेवर होता.

उषाबाई म्हणाल्या, “कंबर दुखत असेल.”

मी हो म्हणालो आणि मांड्यावर तूप वाढून घेतलं.