मेलेला पाटा आणि हिचे मामा

उत्तर गोव्यात धावणाऱ्या वाहनांपैकी निम्म्यांची तरी पोटं आमच्या हिच्या मामांनी खालून पाहिलेली आहेत. उरलेली निम्मी सुटली, ती मामांना वाकायला वेळ मिळण्याआधीच पुढे निघून गेली म्हणून. माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. मामा तो ज्या गाडीतून उतरला त्या गाडीच्या चाकांमागे बघतात. तिथे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, जिच्यावर गाडीचा सगळा भार तोललेला असतो, तिला आमच्याकडे पाटे म्हणतात. मामांच्या लेखी गाड्या दोन जातींच्या: पाटा जिवंत असलेल्या आणि पाटा मेलेल्या. छत्री, पानाचा डबा आणि वीतभर हातोडी घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. हातोडीने पाट्यावर हलकेच मारायचं, कान लावायचा, डोळे मिटायचे. चांगला पाटा गातो आणि मेलेला खोकतो, असं ते सांगतात. मी पुष्कळदा कान लावून पाहिला. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

माझ्या मेहुणीच्या लग्नात नवऱ्याची गाडी अबोलीच्या माळांनी सजून मांडवापुढे उभी होती आणि मामा पांढऱ्या शुभ्र सदऱ्यासकट तिच्याखाली गेले. बाहेर नुसते दोन पाय दिसत होते. वरपक्षातल्या एका बाईंना वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. त्यांनी आरडाओरडा केला, कुणी कांदा आणला, कुणी पायांवरच पाण्याचा तांब्या ओतला. मामा काळे-पांढरे होऊन बाहेर आले आणि वरबापाला शांतपणे म्हणाले, "डावो बरो आसा. उजव्याचो तिसरो पाटो बदलून घेया." वरबाप आजतागायत त्यांच्याशी बोलत नाहीत. पाटा मात्र त्यांनी बदलला, असं ऐकलं.

याहून पुढची गोष्ट त्यांच्या थोरल्या भावाच्या मरणाची. स्मशानात न्यायला गाडी आली, माणसं खांदा द्यायला वाकली, तेवढ्यात मामा रडता रडता गाडीखाली वाकले आणि उठून म्हणाले, "ह्या गाडयेतसून दादाक न्हेवक देवचंय नाय." दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास गेले. उन्हं चढली, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी आमची ही त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "मामा, दादामामा तर गेलेच आहेत ना? आता त्यांना काय होणार?" मामांनी डोळे पुसले. "अगो, दादा गेलो. डायवर जितो आसा मां?" आम्ही सगळे त्या गाडीच्या ड्रायव्हरकडे बघू लागलो आणि तो बिचारा घाबरून पाणी पिऊ लागला.

मामा कारापूरचे. ऐन तारुण्यात खाणीवरचे ट्रक चालवले, मग एकाएकी चालवणं सोडलं आणि रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकून पाट्यांचं काम सुरू केलं. खाणी जोरात होत्या तेव्हा सिंधुदुर्गातले ड्रायव्हर त्यांच्या दारात रांग लावून उभे असायचे. खाणी बंद पडल्या आणि शेड ओस पडली. ट्रक चालवणं का सोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "कंबर दुखता." आम्हाला ते पटलं होतं. ज्याची कंबर ट्रक चालवू देत नाही तो दिवसातून वीस वेळा गाडीखाली कसा लोळतो, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

मी धारगळला राहतो. हंगामात मोरजीला पाहुण्यांना खाडीतून फिरवायला माझी एक लहान फायबरची होडी आहे. पावसाळ्यात ती अंगणात झाकून ठेवतो आणि पाऊस उघडला की दोन चाकांच्या ट्रॉलीवर चढवून, जीपमागे जोडून मोरजीला नेतो. गेल्या चवथीला मामा आमच्याकडे आले होते. गणपतीला हात जोडले, नेवऱ्या खाल्ल्या आणि अंगणात जाऊन ट्रॉलीखाली शिरले. हातोडीचा आवाज झाला. मी डोकावलो तर मामा उताणे पडून पाट्याकडे टक लावून बघत होते.

"जावयबापू, तुमचो पाटो मेलो."

होडी उतरवताना ट्रॉली दरवेळी खाऱ्या पाण्यात जाते. मिठाने पाटे पापुद्र्यापापुद्र्याने सोलले होते. सगळ्यांत वरचा मुख्य पाटा टोकाशी जिथे वळून गोल होतो, तिथे केसाएवढी चीर होती. मामांनी माझं बोट धरून तिच्यावर फिरवलं. मी म्हणालो, "मामा, अर्ध्या तासाचा रस्ता. रविवारच्या पाहुण्यांचं बुकिंग घेऊन बसलोय. एवढी एक फेरी होऊ दे, मग बदलू."

मामांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या मुस्कटात मारली. ते उठले, पाना घेतला, दोन्ही चाकांचे नट काढून स्वतःच्या खिशात घातले आणि आत जाऊन झोपले. मी संतापलो. पाहुण्यांना काय सांगू, हा कसला आडमुठेपणा, असं बरंच मोठ्याने बोललो. ही मध्ये पडली. मामा कुशीवर वळले. खिसा खुळखुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रॉली उचलून चिऱ्यांच्या थरांवर बसवली. जॅकवर त्यांचा भरवसा नाही. गंजलेले बोल्ट रॉकेल पाजूनही हलेनात, तेव्हा करवतीने कापले. पाटे सुटे झाले आणि अंगणात गंजाचा लाल ढीग पडला. मी म्हणालो, तापवून, ठोकून परत बाक द्या. ते म्हणाले, झिजलेल्याला बाक देता येतो, झीज भरता येत नाही. म्हापशाहून नवे पाटे आणले, तेही दोन्ही बाजूंचे. बोल्टभोवतीचे बुश नवे, बोल्ट नवे. प्रत्येक पाट्याला हाताने ग्रीस लावताना, माझ्याकडे न बघता, ते बोलायला लागले.

खाणीवर ट्रक चालवायचे तेव्हा एके दिवशी सकाळी, ट्रक भरायच्या आधी, त्यांनी पाटा पाहिला होता. अशीच चीर, अशाच जागी. ते स्वतःशीच म्हणाले होते, एक फेरी मारू, मग बदलू. उतारावर पाटा तुटला, आस सरकला, भरलेला ट्रक आडवा होऊन कडेला गेला. कडेने सायकलवरून पोदेर चालला होता, पाव विकायला.

"जागेर गेलो?" मी विचारलं. नकळत मीही त्यांच्यासारखं बोलू लागलो होतो.

"नाय. थोडो वेळ होतो." मामांनी हात चिंध्यांना पुसले. "पोलिसांनी लिवला, ब्रेक गेलो. मालक म्हणालो, ब्रेक गेलो. माका कोणी इचारूकच नाय. मी गप रवलंय. ब्रेक बरो होतो, जावयबापू. माका सकाळीच म्हायत होता."

मी पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी नट आवळायला घेतले.

रविवारचे पाहुणे मी रद्द केले. बुधवारी आम्ही निघालो. भार बसल्यावर बोल्ट परत आवळावे लागतात म्हणून मामांनी वाटेत जीप थांबवायला लावली आणि भर रस्त्यात ट्रॉलीखाली गेले. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मामांनी छत्री उघडून रस्त्यावर आडवी ठेवली. मोरजीला होडी पाण्यात सरकली. रिकाम्या ट्रॉलीचे पाटे मामांनी गोड्या पाण्याने धुतले आणि म्हणाले, "माका एके ठिकाणी सोडशात?"

ते ठिकाण डिचोलीच्या बाजूला होतं. एका बैठ्या घरापाशी उतरलो. शेजारी पाव भाजायची भट्टी होती, पण ती केव्हाच विझलेली, तिच्यात आता नारळाच्या झावळ्या रचलेल्या. दारापुढच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, एक म्हातारी बाई शेंगा सोलत बसली होती. मामा पायरीखालीच उभे राहिले, आणि मला सांगितलं होतं तेच त्यांनी तिला सांगितलं. पाटा, चीर, एक फेरी, ब्रेक बरो होतो. हात जोडलेले, आवाज खरखरीत. मला वाटलं, ती ओरडेल, हाकलून देईल. आत कुणी मुलगा असेल तर तो बाहेर येऊन मारेल. तेही बरोबरच होईल, असंही वाटलं.

तिने हातातली शेंग सोलून सुपात टाकली. मग तिने भलतंच विचारलं. तो पडला होता तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?

"मी होतंय," मामा म्हणाले.

"काय बोलला तो?"

मी त्यांचा दंड धरला तसे मामा म्हणाले, "पावांर प्लास्टिक घाल म्हणालो. धूळ बसता म्हणालो. मी घातलंय. मग तो म्हणालो, आता बरा झाला. मग काय बोलूक नाय."

तिने सूप खाली ठेवलं. इतकी वर्षं ती, आपला नवरा रस्त्यावर एकटा मेला, असं समजून जगली होती. तिने मामांना वर येऊन बसायला सांगितलं. ते बसले, अगदी कडेला, अंग चोरून. तिने पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे जरा सरकून म्हणाली, "परतून सांग."

मामांनी परत सांगितलं.