एकोणीस नंबरची साखर

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काका म्हणत, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले प्रयोगशाळेचे प्रमुख सरसुद्धा. सव्वीस वर्षं काका पेशी वाढवत होते आणि प्लेटमधल्या इवल्या खळग्यांत थेंब मोजून सोडत होते. काकांचा हात चुकत नाही असं लोक म्हणत, आणि काका ते आनंदाने ऐकून घेत. खोड एकच होती. बाटलीवर नाव लिहिलं की स्पिरिटने पुसताना जातं, म्हणून ते नाव झाकणावर लिहीत. कुणी नाक मुरडलं तर म्हणत, आधी माझ्याएवढे थेंब सोडा, मग बोला.

तिथे पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्या एका पोरीचं काम साखरेचं होतं. चहातल्या नव्हे. विषाणूच्या अंगावर साखरेचे शेंडे असतात, आपल्या रक्षक पेशींवर ती साखर पकडणारे हात असतात, आणि विषाणू त्याच हातांना धरून आत शिरतो. म्हणजे पहारेकऱ्याचाच हात धरून चोर घरात. ते हात आधीच गुंतवून ठेवतील अशी साखरेची संयुगं पोरगी बनवत होती. अठरा फुकट गेली. एकोणिसावं मात्र काकांच्या प्लेटवर असं चाललं की एकही विषाणू चिकटला नाही. पोरगी उभ्या उभ्या रडली. सर म्हणाले, यावरच प्रबंध लिही.

दुसऱ्या दिवशी काका पेशी सोडवायला बसले. तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या करणारं एक पाणी असतं, ते कॅल्शियम गिळून टाकतं. काकांनी झाकण वाचून ते ओतलं, तर पेशी जागच्या हलेनात. त्यांनी दोन्ही बाटल्यांतलं पाणी तपासलं. आदल्या दिवशी बाटल्या नव्याने भरल्यावर झाकणांची अदलाबदल झाली होती. तुलनेसाठी संयुगाविना ठेवलेल्या खळग्यांत आधीच्या, जुन्या बाटलीतलं साधं मिठाचं पाणी गेलं होतं, आणि एकोणीस नंबर मात्र नव्या बाटलीतल्या, कॅल्शियम गिळणाऱ्या पाण्यात विरघळवला होता. कॅल्शियमवाचून त्या हातांना साखर धरताच येत नाही. एकोणीस नंबरने काहीच केलं नव्हतं, केलं होतं ते काकांनी.

त्यांनी झाकणं जागच्या जागी लावली आणि मूग गिळून बसले. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता चार महिने गेले. पोरगी हल्ली प्लेटा स्वतःच मांडत होती. हात बसवतेय म्हणे. काकांना अन्न गोड लागेना. बायकोने खोदून विचारलं, तेव्हा ते दाढ दुखते म्हणाले. तिने दाताच्या डॉक्टरकडे नेलं. काकांनी एक धडधाकट दाढ काढून घेतली, पण खरं बोलले नाहीत. माणूस किती भित्रा असावा, याला काही सुमार!

मग एका दुपारी पोरीची वही टेबलावर उघडी दिसली. 'एकोणीस नंबर सहाव्यांदा फसला. दोष माझ्या हाताचा आहे. काकांचा हात चुकत नाही.' खाली बारीक अक्षरात होतं, 'सोमवारी सरांना सांगायचं, मी सोडते आहे.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांना स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. पोरगी आली तशी त्यांनी झाकणं, पाणी, अगदी दाढसुद्धा, सगळं सांगून टाकलं.

"चार महिने मी स्वतःला नालायक समजत होते, काका," ती म्हणाली. "आणि तुम्ही रोज समोर बसून बघत होता."

माफी मागायचीही काकांना लाज वाटली. मग तिने वहीतली ती खालची ओळ खोडली, मार्कर घेतला आणि दोन्ही बाटल्यांच्या अंगावर ठळक नावं लिहिली.

"बसा. परत मांडू या," ती म्हणाली.

काका बसले. पहिला थेंब घेण्याआधी त्यांनी बाटली तिच्यापुढे धरली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "हीच ना गं?"